पडायचं तर चारचौघांत पडा

या आठवड्याचं पत्र फोंडा तालुक्यातल्या एका वाचक ताईंचं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा गोषवारा देते.

ताईंचं वय ३९. पतसंस्थेत हिशेबाचं काम, घरी नवरा, सासूबाई आणि १२ वर्षांचा मुलगा. धाकटा भाऊ जहाजावर नोकरीला लागला तेव्हा त्याचा लाँगबोर्ड, म्हणजे चार चाकांचा लांबट स्केटबोर्ड, माहेरी पडून राहिला. गेल्या दिवाळीला या माहेरी गेल्या, अंगणात सहज पाय ठेवून पाहिला आणि बोर्ड सोबत घेऊनच आल्या. तेव्हापासून आठवड्यातले तीन-चार दिवस पहाटे साडेपाचला, घर जागं व्हायच्या आत, सड्यावरून (गावावरच्या कातळी पठारावरून) वाड्याकडे उतरणाऱ्या डांबरी रस्त्यावर त्या एकट्याच सराव करतात. पायात चपला, कारण बूट घातले तर कुठे निघालीस म्हणून विचारतील. बोर्ड सरपणाच्या खोपीत झावळ्यांखाली ठेवलेला. आतापर्यंत त्यांना पाहिलंय ते फक्त पोदेरानं, म्हणजे सायकलवरून पाव विकणाऱ्यानं. आता त्याचा भोंगा ऐकू आला की त्या बोर्डासकट गडग्याआड बसतात. दोनदा पडल्या. दुसऱ्या वेळी, तीन आठवड्यांपूर्वी, तळहात आणि गुडघा सोलवटला. घरी सांगितलं, विहिरीवर घसरले. ‘अंगठ्याच्या बुडाशी अजून जरा दुखतं, जाईल ते,’ असं जाता जाता लिहिलंय. परवा मुलाला बोर्ड सापडला आणि आता मलाही शिकव म्हणून तो पाठीस लागलाय. त्या विचारतात: या वयात हे वेड बरं का? न पडता शिकायची काही युक्ती आहे का? नीट यायला लागलं की हेल्मेट घ्यायचं आणि मग घरी सांगायचं असं ठरवलंय, ते योग्य ना? मुलाला शिकू द्यायचं की त्याच्यासाठी आपणच सोडायचं? आणि चाकं खरखरतात, त्याचं काय करू?

*

पाच प्रश्न तुम्ही विचारलेत. मी सुरुवात करते ती न विचारलेल्या सहाव्यापासून. तुमचा अंगठा.

पडताना आपण हात पुढे टेकतो आणि अंगाचं सगळं वजन मनगटावर येतं. तिथे अंगठ्याच्या बाजूला काजूएवढं, जवळजवळ काजूच्याच आकाराचं एक हाड असतं. डॉक्टर त्याला स्कॅफॉइड म्हणतात. अंगठा ताठ वर करा. मनगटापाशी दोन दोऱ्या ताणल्यासारख्या दिसतील आणि त्यांच्या मधे एक खळगा. दुसऱ्या हाताच्या बोटानं तो खळगा दाबून बघा. कळ आली तर उद्याचा दिवस ओलांडू नका, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. कळ आली नाही तरीही तीन आठवडे दुखणारं मनगट दाखवायलाच हवं. या हाडाला रक्त पोचतं ते लांबच्या टोकाकडून. ते मोडलं आणि तसंच राहिलं तर रक्त अडतं, हाड सांधत नाही आणि मनगट जन्माचं दुखणं होऊन बसतं.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. पंचवीस वर्षं शाळेच्या मैदानावर मी पोरांना खेळ शिकवले आणि सेहेचाळिसाव्या वर्षी मुलीच्या लाँगबोर्डवर पणजीत आमच्याच कॉलनीच्या आतल्या रस्त्यावर पडले. वेग चालण्याएवढा. पुढच्या चाकाखाली सुपारीएवढा चिऱ्याचा तुकडा आला, बोर्ड जागीच थांबला, मी पुढे गेले. हातातल्या काचेच्या बांगड्या फुटून मनगटात रुतल्या आणि सगळ्यांचं लक्ष त्या रक्ताकडे गेलं. पहिल्या एक्स-रेत हाड धड दिसलं. दुखायचं थांबेना म्हणून बारा दिवसांनी पुन्हा काढला, तेव्हा रेघ दिसली. हे हाड असंच आहे, पहिल्या फोटोत पुष्कळदा सापडत नाही. नंतर दोन महिने प्लास्टर. म्हणून तुमचं ‘जाईल ते’ मला वाचवेना.

आणि डॉक्टरांना विहिरीवर घसरले असं सांगू नका. कशावरून पडलात, हात कसा टेकला, हे ऐकूनच ते कुठलं हाड बघायचं ते ठरवतात. जखमेत रस्त्याची माती गेली होती, तेव्हा धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं तेही विचारून घ्या.

आता बोर्डाकडे वळते. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना एक जोड जुळत गेली. तुम्ही अंधारात शिकता, कारण उजेडात कोणी बघेल. एकट्या शिकता, कारण सोबत घ्यायची तर सांगावं लागेल. उतारावर शिकता, कारण सपाट जागा शाळेपाशी किंवा पंचायतीपाशी आहे आणि तिथे माणसं असतात. चपलांवर शिकता, कारण बूट दिसतील. हेल्मेट नाही, कारण ते कुठे लपवणार? लाँगबोर्ड शिकताना ज्या पाच चुका जिवावर बेतू शकतात त्या पाचही तुम्ही करताय आणि त्यातली एकही धाडसापोटी नाही. सगळ्या लाजेपोटी आहेत. तुम्ही मला बोर्डाबद्दल विचारलंत, पण बोर्डापेक्षा हे लपवणं मला जास्त घातक वाटतं. या दिवसांत आपल्याकडे सूर्य उगवतो सातच्या सुमारास. साडेपाचला त्या रस्त्यावर डोकं आपटलं तर तुम्ही कुठे आहात हे घरात कुणालाच माहीत नाही. पोदेर आला तर आला. आणि तुम्ही त्याच्यापासूनही लपता.

सड्याचा तो उतार आजपासून बंद करा. तुम्ही हिशेबातल्या, म्हणून आकडाच देते. उतारावर वेग ठरतो तो आपण उंचीनं किती खाली आलो यावर. दोन मजली घराएवढं, सहाएक मीटर खाली उतरलात, तर घर्षण आणि वारा सोडून हिशेब ताशी ३९ किलोमीटरचा येतो. मऊ चाकं आणि खडबडीत डांबर त्यातला बराच वेग खातात, तरी उरतो तो तुमच्या-माझ्या पायांना झेपणारा नसतो. इथे एक नियम सांगते, तो मी माझ्या मुलीकडून शिकले: ज्या वेगात बोर्डावरून उडी मारून धावत थांबता येईल त्याच्या वर जायचं नाही. आपल्यासारख्या बायका जिवाच्या आकांतानं धावल्या तरी ताशी पंधरा-सोळा किलोमीटर. त्यापुढे गेलात की बोर्ड सोडायची सोय संपली. शिवाय वेग वाढला की शिकाऊ माणूस घाबरून ताठ होतो, वजन मागे टाकतो आणि बोर्ड पायाखाली डावीकडे-उजवीकडे थडथडायला लागतो. तरबेज माणसं अशा वेळी वजन पुढच्या पायावर घेऊन अंग सैल सोडतात. ते अंगवळणी पडायला काही महिने जावे लागतात, आणि ते महिने सपाटीवर घालवायचे असतात.

सपाट जागा कुठली? गावच्या हायस्कूलचं व्हॉलीबॉलचं किंवा बास्केटबॉलचं सिमेंटचं मैदान असेल तर त्याहून चांगलं काही नाही. मुख्याध्यापकांना भेटा, सुटीच्या दिवशी सकाळी सात ते आठ मागून घ्या. ते नसेल तर रविवारी रिकामं असणारं एखादं वाहनतळ, मालकाला विचारून. आधी झाडू घेऊन जा आणि खरंच झाडून काढा, कारण माझ्या मनगटाला कारण झालेला तुकडा झाडूनं सहज निघाला असता. फरशीचे ठोकळे बसवलेली जागा टाळा, फटींत चाक थडथडतं. देवळाच्या प्रांगणातली गुळगुळीत फरशीही नको, चाकं घसरतात आणि ती जागा त्यासाठी नाही.

पत्र तुमचं असलं तरी किनाऱ्याकडच्या वाचकांसाठी थोडं सांगते. पणजीत मिरामार, कांपालच्या बाजूला फिरायला सगळ्यांना आवडतं, पण तिथे सकाळ-संध्याकाळ चालणाऱ्यांची गर्दी आणि वाऱ्यानं आलेली वाळू. वाळूचा पातळ थर डोळ्यांना दिसतही नाही, वळताना मात्र चाक त्यावरून सटकतं. तिथल्याच आल्तिनो टेकडीचे उतार नवशिक्यांसाठी नाहीत. भाड्याच्या स्कूटरवर नवखे पर्यटक फिरत असतात त्या रस्त्यांवर तर बोर्ड काढूच नका, आणि कुठेही कानांत गाणी घालू नका. भटकी कुत्री चाकांच्या आवाजानं बिथरतात. कुत्रं अंगावर येताना दिसलं की जोरात पळायचा मोह आवरायचा, खाली उतरायचं, बोर्ड हातात घ्यायचा आणि चालू लागायचं. पाऊस लागला की जून ते सप्टेंबर बोर्ड घरात. आपल्याकडच्या शेवाळावर पायी चालणं कठीण, तिथे चाकांचं काय?

आता ‘न पडता’. ही युक्ती मला माहीत नाही आणि कुणी सांगितली तर विश्वास ठेवू नका. पण पडायचं कसं हे शिकता येतं, आणि ते आधी शिकायचं असतं. शाळेत उंच उडी शिकवण्याआधी मी पोरांना दोन दिवस नुसती वाळूवर लोळवायची. पालक विचारायचे, हे काय चाललंय? पण ती पोरं नंतर घाबरत नसत. तुम्हीही गवतावर जा, गुडघ्यांना प्लास्टिकच्या वाट्यांचे पॅड आणि मनगटांना आतून पट्टी असलेले गार्ड बांधा आणि मुद्दाम पडा. पडतोय असं वाटलं की आधी खाली बसायचं. जितकं खाली तितकी जमीन जवळ. मग गुडघ्यांच्या वाट्यांवर जायचं, कोपरं वाकलेली ठेवून तळहात पुढे सरकू द्यायचे. हात खांबासारखा ताठ टेकायचा नाही. तोल बाजूला गेला तर खांद्यावरून लोळायचं. असं वीस वेळा करा. एकविसाव्या वेळी अंगाला आपोआप कळतं.

नवशिका सगळ्यात वाईट पडतो ते मागच्या बाजूला. वजन मागच्या पायावर असतं, बोर्ड पुढे निसटतो, माणूस माकडहाडावर आपटतो आणि डोक्याची मागची बाजू जमिनीला लागते. म्हणून हेल्मेट असं हवं की जे डोक्याची मागची बाजू खालपर्यंत झाकेल. सायकलीच्या किंवा स्केटिंगच्या हेल्मेटवर आतल्या बाजूला ईएन १०७८ किंवा एएसटीएम एफ १४९२ असा सुरक्षा मानकाचा शिक्का असतो, तो बघून घ्या. भुवयांच्या वर दोन बोटं बसावं, पट्टा लावून मान हलवली तर हलू नये. एकदा जोरात आपटलेलं कडक फोमचं हेल्मेट वरून धड दिसलं तरी पुन्हा वापरायचं नाही. नवं येईपर्यंत स्कूटरचं चालेल का? जड असतं, कान झाकतं, घाम येतो. पण उघड्या डोक्यापेक्षा कितीतरी बरं. आणि ‘नीट यायला लागलं की हेल्मेट’ हा हिशेब तुम्ही पतसंस्थेत कुणाला मांडू दिला नसता. विमा अपघाताच्या आधी उतरवतात.

ओढणी घरी ठेवा. काचेच्या बांगड्याही. मंगळसूत्र कुडत्याच्या आत.

शिकण्याचा क्रम आता सांगते, त्यात थांबण्यावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण बहुतेकांना पळवायला कुणीतरी शिकवतं आणि थांबायचं जो तो आपलं आपण बघतो.

पहिला दिवस घरातच. काथ्याच्या पायपुसण्यावर बोर्ड ठेवा म्हणजे तो घरंगळणार नाही. त्यावर चढण्याआधी, जमिनीवरच उभ्या असताना, मुलाला सांगा, पाठीमागून नकळत हलकंच ढकल. सावरायला जो पाय पुढे येतो तो बहुधा तुमचा पुढचा पाय. तो पुढच्या चार स्क्रूंच्या जरा मागे, थोडा तिरका. गुडघे मऊ. नजर पायांकडे नको, पंधरा-वीस फूट पुढे. आपण बघतो तिकडे बोर्ड जातो, त्यामुळे खड्ड्याकडे टक लावून बघितलं तर खड्ड्यातच जाल.

पुढे ढकलायचं ते मागच्या पायानं. काहींना पुढचा पाय टेकून ढकलणं सोपं वाटतं, पण तेव्हा वजन मागे राहतं आणि बोर्डाचं नाक भरकटतं. ही सवय लागायच्या आत मोडा.

आता थांबणं. आधी बोर्ड पायपुसण्यावरच असताना फक्त पुढच्या पायावर उभ्या राहा, गुडघा वाकवून, मागचा पाय अधांतरी. दहा आकडे मोजा. डगमगलात तर अजून थांबण्याचा सराव करायचा नाही, आधी हेच. विळीवर बसून नारळ खवणाऱ्या, वाकून अंगण सारवणाऱ्या बायकांचे पाय मजबूत असतात, पण एका पायावर शांत उभं राहायची सवय आपल्याला नसते. ते जमलं की मैदानावर या. दोन वेळा ढकला, चालण्याच्या वेगानं जाऊ द्या, वजन पुढच्या गुडघ्यावर घ्या आणि मागच्या पायाचा अख्खा तळवा सपाट ठेवून जमिनीला नुसता लागू द्या. तवा तापला का हे बघायला आपण बोट कसं लावतो, लावलं न लावलंसं, तसं. सर्र असा आवाज येईल. मग हळूहळू दाब वाढवा. टाच आधी टेकली तर पाय अडकतो, चवडा आधी टेकला तर घोटा मुरगळतो. आणि घाबरून सगळं वजन त्या पायावर टाकलं तर पाय जागीच राहतो आणि बोर्ड एकटाच पुढे जातो. खडूनं एक रेघ ओढा, तिच्या पलीकडे दहा पावलांवर दुसरी. पहिल्या रेघेवर तळवा लावायचा, दुसरीच्या आत थांबायचं. दहापैकी दहा वेळा जमेपर्यंत वेग वाढवायचा नाही. मला यालाच तीन आठवडे लागले.

यासाठी बूट हवेत, सपाट रबरी तळाचे. शाळेत पीटीला घालतात ते कॅनव्हासचे उत्तम. टाच उंच असलेले धावायचे बूट नकोत. तळ झिजणार, झिजू दे.

वळण्याबद्दल एवढंच की तुमचा बोर्ड भावाच्या वजनाला बेतलेला असणार. बोर्डाखाली चाकांचा आस धरणारा जो धातूचा सांगाडा असतो त्याला ट्रक म्हणतात. त्याच्या मधोमध एक मोठा नट असतो आणि रबरासारख्या गाद्या. नट आवळला की बोर्ड ताठ होतो, सैल केला की लवकर वळतो. तुमचं वजन भावापेक्षा कमी असेल तर तुम्ही कितीही झुकलात तरी तो वळत नसेल, आणि तुम्हाला वाटत असेल की आपल्याला जमत नाही. नट एका वेळी पाव फेरा सैल करा आणि उभं राहून बघा. पायाखाली लटलटायला लागला की पाव फेरा परत.

तुमच्या बोर्डाचं एक चांगलं आहे. लाँगबोर्डाची चाकं मोठी आणि मऊ असतात, साधारण ७० मिलिमीटरची, त्यामुळे आपल्या खडबडीत डांबरावर ती साध्या स्केटबोर्डपेक्षा खूप बरी. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात फ्रँक नॅसवर्दी या तरुणानं पॉलियुरेथेन या रबरासारख्या प्लास्टिकची चाकं आणली, त्याआधी लोक धातूच्या आणि मातीमिश्रित कडक चाकांवर फिरायचे. बारीक खडा आला की संपलं. मऊ चाकांमुळे हा खेळ तुमच्या-माझ्यासारख्यांच्या आवाक्यात आला. म्हणून नवीन महागडा बोर्ड घ्यायची काही गरज नाही. पैसे हेल्मेट, गार्ड आणि पॅडवर घाला.

वयाचं म्हणाल तर खरं ते सांगते. चाळिशीच्या पुढे बाईचं हाड सांधायला पोरांपेक्षा वेळ लागतो, आणि आपण पडलो तर स्वयंपाकापासून नोकरीपर्यंत सगळं अडतं. हे कारण गार्ड बांधायला पुरेसं आहे, सोडून द्यायला नाही. तोल सांभाळायची सवय या वयात लावली तर साठीत न्हाणीत पाय घसरताना ती कामाला येते. आणि ‘वेड’ हा शब्द पत्रात तुम्ही स्वतःसाठी चार वेळा वापरलाय. भाऊ याच बोर्डावर फिरत होता तेव्हा त्याला कुणी वेड म्हटलं होतं का?

आता घर. तुमच्या पत्रात ‘सासूबाई काय म्हणतील’ असं आहे, ‘नवरा हसेल’ असं आहे, ‘वाड्यावर चर्चा होईल’ असंही आहे. पण सासूबाई प्रत्यक्षात काय म्हणाल्या याचं एकही वाक्य नाही. त्या म्हणाल्याच नाहीत, कारण त्यांना विचारलंच नाही. तुम्ही त्यांच्या वतीनं त्यांचा नकार लिहून टाकलात आणि तीन महिने त्याला घाबरून जगताय. कदाचित त्या नाही म्हणतील. म्हणाल्या तर त्यांना नेमकी कशाची भीती वाटते ते विचारा. हाड मोडण्याची असेल तर हेल्मेट आणि गार्ड समोर ठेवता येतात. लोकांची असेल तर ती भीती खरी आहे, तिला हसू नका, पण ती तुमचं डोकं फुटण्यापेक्षा मोठी नाही हे शांतपणे सांगता येतं. मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यात जनवार नावाचं गाव आहे. तिथे २०१५ साली उल्रिके राइनहार्ड या जर्मन बाईंनी गावातल्या मुलांसाठी सिमेंटचं स्केटपार्क उभं केलं. तिथला एक नियम, शाळा चुकवली तर स्केटिंग नाही. दुसरा, आधी मुली. त्या गावातल्या मुली सगळ्यांसमोर पडत-उठत शिकल्या. फोंड्याजवळच्या एका वाड्याला हे बघणं झेपेल, मला खात्री आहे.

नवऱ्याला मात्र सासूबाईंच्या आधी सांगा, आणि विहिरीची गोष्ट खोटी होती हेही त्याच बैठकीत सांगा. डॉक्टरांकडे जाताना त्यांनाच सोबत न्या. बोलायला वाटेत वेळ मिळतो.

मुलाला शिकू द्या. तुम्ही सोडलंत तर तो सोडेल असं मला वाटत नाही, कारण त्याला बोर्ड कुठे आहे ते कळलंय. काळजी मला दुसऱ्याच गोष्टीची आहे. त्यानं तुमच्याकडून आधीच एक धडा घेतलाय की आवडतं ते लपून करायचं असतं. उद्या तो दुपारी सगळे झोपले असताना त्याच सड्यावर जाईल, अनवाणी. म्हणून घरी सांगणं तुमच्यापेक्षा त्याच्यासाठी तातडीचं आहे. हेल्मेट दोघांची दोन घ्या, मापं वेगळी असतात. बोर्ड एकच आहे ते फार बरं. एकानं बोर्डावर असायचं, दुसऱ्यानं खाली उभं राहून बघायचं, खिशात फोन. दहा-दहा मिनिटांनी पाळी बदला. डोक्याला मार लागून उलटी झाली, झापड आली, कुणी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारू लागलं, तर १०८ ला फोन आणि थेट रुग्णालय. घरी जाऊन पडून राहायचं नाही. हे त्याला तोंडपाठ करून घ्या. त्यालाही तुमच्यासाठी ते वापरावं लागू शकतं.

मनगट डॉक्टरांनी धड ठरवेपर्यंत मात्र तुमची पाळी फक्त खाली उभं राहून बघायची.

राहिली खरखर. खोपीतल्या ओलीनं बेअरिंगना गंज चढलाय, दुसरं काही नसावं. चाकाच्या टोकाचा नट १३ नंबरच्या पान्यानं निघतो. चाक काढलं की आत दोन्ही बाजूंना एकेक बेअरिंग दिसेल, चार चाकांची मिळून आठ. बोटावर फिरवून बघा. नुसती धूळ असेल तर पुसून शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब पुरतात. खोबरेल घालू नका, थंडीत थिजतं आणि धूळ धरून ठेवतं. तांबूस गंज दिसला किंवा फिरताना अडकलं तर साफ करत बसू नका, बेअरिंगच्या दुकानात जाऊन ६०८ नंबरची आठ मागा. आतलं भोक ८ मिलिमीटर, बाहेरचा व्यास २२, जाडी ७. नट परत लावताना गच्च आवळू नका, चाक जरासं, अगदी केसभर, हलायला हवं. आणि नवी बेअरिंग घातल्यावर बोर्ड पुन्हा झावळ्यांखाली नको. सोप्यावर खिडकीखाली कोरडं असतं, तिथे ठेवा, चाकं वर करून, म्हणजे अंधारात सासूबाईंचा पाय त्यावर पडला तरी तो घरंगळणार नाही.